जागेचा पुरावा

तीनशे बारा अर्ज, अनुदान चाळीस जणांना,
गुण द्यायला मी एकटा,
तिसऱ्या मजल्यावर, जिथल्या पंख्याला
दोनच वेग आहेत : बंद आणि वादळ.
म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर एक पेपरवेट.
एका गठ्ठ्याला पुरला नाही, त्यावर माझा पितळी डबा.

परिपत्रकात शब्द आहे : समन्यायी.
टंकताना एकदा एक काना जास्त पडला, समान्यायी झाला.
साहेबांची सही झाली. कुणी बोललं नाही.

पहिला अर्ज गंगापूर रोडचा. स्पायरल बाइंडिंग,
रंगीत आलेख, सीएचा शिक्का,
द्राक्षाच्या बियांपासून फेसवॉश.
वाईट नाही, खरंच. नमुन्याचा वास घेतला मी.
पंचाऐंशी गुण. मला काही करावंच लागलं नाही,
रकान्यांनीच त्याला उचलून घेतलं
घरच्या पोराला घेतात तसं.

मग एकोणीस अर्ज एकाच अक्षरात.
खालच्या झेरॉक्सवाल्या पोराचं अक्षर, ‘र’ला लांब शेपटी.
पन्नास रुपयांना एक. एकोणीस जणांचा एकच मानस :
‘व्यवसाय वाढवून स्वावलंबी होण्याचा माझा मानस आहे.’
फहीम मणियारचा मानस, बांगड्यांची हातगाडी, दूध बाजार.
किसन भोयेचा मानस, टोपल्या, पेठ नाका.
अनसूया वडनेरेचा मानस, वय एकसष्ट,
गोदाघाटावर गडूला डाख लावणे.

(त्या गडूतून गंगा नेतात बाहेरगावचे लोक.
झाकणाचा डाख कच्चा राहिला
तर इंदूरला पोचेपर्यंत पिशवीच पुण्यवान होते.)

मागणी : गॅसची शेगडी एक, कथिल पाच किलो.
ताळेबंद : भिंतीवरची कॅलेंडरं, तीन वर्षांची, सुतळीनं बांधलेली,
चौकोनाचौकोनात गडूंचा आकडा.
जागेचा पुरावा, भाडेकरार किंवा घरपट्टी :
सोबत पावत्या सात जोडल्या आहेत,
अतिक्रमण विभाग, महानगरपालिका.
दंड दोनशे. दंड दोनशे. दंड पाचशे, साहित्य जप्त.
ठिकाण सगळ्यांवर तेच,
दुतोंड्या मारुतीसमोरच्या पायऱ्या.

एक पावती उजेडाला धरली.
गोल, निळा शिक्का, खालच्या अंगाला तुटका,
माझ्या टेबलावरचा तुटलाय तिथंच.

त्रुटीसाठी बोलावलं तिला.
आली, पण खुर्चीत बसली नाही.
भिंतीवरचा फलक वाचून म्हणाली,
समन्यायी म्हंजे काय हो?
सगळ्यांना सारखं, मी म्हटलं. मग म्हटलं,
नाही, तसंही नाही.
ती म्हणाली, गळतं तिथं डाख लावायचा.
सगळ्या अंगाला सारखा फासला
तर कथिल संपतं, आणि गळायचं ते गळतंच.
मग डब्याकडं पाहिलं तिनं.
कडी सुटत आलीय याची. आणा घाटावर.

ताळेबंद, दहापैकी दहा.
(बेरजा तपासल्या. श्रावणात एक गडू चुकलाय,
तोही तिच्याच तोट्याचा.)
जागेचा पुरावा, दहापैकी दहा. शेरा :
‘अर्जदार सदर जागी व्यवसाय करीत असल्याचे
मनपाने सात वेळा लेखी मान्य केले आहे.’

लेखा विभागातून फाइल परत.
तांबड्या शाईत : विनोद नको.
मी खाली लिहिलं : विनोद नाही. पावत्या पाहाव्यात.
काल पुन्हा वर गेली.

सिंहस्थासाठी घाट मोकळा करण्याची तारीख
दुसऱ्या फाइलीत आहे, शेजारच्या टेबलावर.
त्या फाइलीत एकही त्रुटी नाही.

डबा अजून नेला नाही मी.
रोज दुपारी कडी हातात येते,
रोज ती परत अडकवून ठेवतो
तीनशे बारा अर्जांच्या वाऱ्यावर.