माया

डॉक्टर उइकेंनी फिल्म खिडकीच्या उजेडाला धरली.
मी ब्लाऊजपीस तसंच धरते, भोक आहे का बघायला.
होतं. उजव्या फुप्फुसात, खालच्या पदराला,
तुरीच्या दाण्याएवढं.

"हा छातीचाच कॅन्सर आहे, फुप्फुसाचा नाही."
म्हणजे चार वर्षांपूर्वी डावीकडून जे काढलं
ते जाताना कुणाला तरी पत्ता देऊन गेलं होतं.

असं सहसा कापत नाहीत, म्हणाले.
रक्तातून हिंडणाऱ्याला चाकू कुठवर गाठणार?
पण एकच आहे, उशिरा आलंय,
बाकी अंग कोरं. तर बघू.
बरी करतो असं नाही म्हटलं. बघू म्हटलं.
मला तो शब्द मापात बसलेला वाटला.

"गाठीभोवतीचं थोडं चांगलंही जाईल."
आम्ही त्याला माया म्हणतो, डॉक्टर.
शिवणीच्या आत दोन बोटं जास्तीचं कापड,
बाई अंगानं भरली तर उसवून सोडता यावं म्हणून.
तुम्ही तर मायाच कापून नेता.
ते हसले. मग फाईल चाळत राहिले.

तान्ह्या पोळ्याला जागनाथ बुधवारीतून
पिवळी मारबत निघाली. गल्लीभर पोरं ओरडत होती,
रोगराई घेऊन जाय गे, मारबत!
मी वर खिडकीत, तोंडात नळी,
तीन गोळ्यांचं ते खेळणं ओढत.
दोन गोळ्या उठल्या. तिसरी बसून.
ओरडायला श्वास उरला नाही,
नाहीतर मीही ओरडले असते.

नंतर बरगड्यांतून नळी, नळीला बाटली,
बाटलीत बुडबुडे. सिस्टर मेश्राम म्हणाली,
"खोका मावशी, जोरात खोका."
जन्मभर सगळे म्हणाले, खोकू नको.

"काहून गं, किती टाके पडले?" यांनी विचारलं.
बाहेर मोजून अकरा. सरळ, बऱ्यापैकी.
आत मात्र स्टेपलर मारलाय म्हणे.
स्टेपलर! बिलं जोडतात तसा!
एवढे पैसे घेऊन हातशिलाई नाही.

पुढचा स्कॅन दिवाळीनंतर.
बोकडेबाईंचा ब्लाऊज तेव्हापासून पडून आहे.
आज घेतला. पाय पेडलवर,
डाव्या बगलेतला कापसाचा गोळा नीट सारला,
खडूनं रेघ मारली
आणि रोजच्यापेक्षा एक बोट जास्त माया सोडली.
त्या विचारतील, इतकी कशाला?