पट्टी

डालड्याच्या डब्यात पंचेचाळीस वर्षं
एकमेकांना धरून बसलेलं लोखंड
झिबल मिस्त्रीनं पोत्यावर ओतलं.
मारेगावच्या अलीकडे, कोळशाचे ट्रक जातात त्या रस्त्याला
आमचं टिनाचं शेड. मे महिना.
दुपारी पाना उचलायचा तर आधी त्याच्यावर पाणी मारावं लागतं.

"पाह्य," तो म्हणाला, "कोन कोनाचं हाय थे.
मी सांगनार नाही."

मॉरिस मागे विटांवर, चाकांवाचून.
नागपूरच्या मालकाला सगळं ओरिजनल पाहिजे.
माझ्याजवळ पुस्तकाच्या चार झेरॉक्स,
चित्रात प्रत्येक दांडी हवेत तरंगणारी,
बाणाला बाण, आकड्याला आकडा.
पोत्यावर कुणालाच आकडा नव्हता.

रॉकेलमध्ये बुडवून, दाताच्या ब्रशानं घासून
एकेक ओळखत गेलो.
दोन बोटांचा चिमटा, हा पेडलखालचा.
आटे पाडलेली दांडी, हिनं चाल कमीजास्त होते.
परत ओढणारी स्प्रिंग, ओढून ओढून सैल पडलेली.
आडवा शाफ्ट, दोन्ही टोकांना पितळी बुश,
एक अजून गोल, एक लांबट झालेला.
"लांबट झाला थो इंजनाकडचा,
इंजन हालते, चेसिस नाही हालत," मिस्त्री म्हणाला,
आणि रॉकेलच्या ताटलीपासून दूर सरकून
त्यानं बिडी पेटवली.

कार्बनची कडी मी झेरॉक्सच्या कोपऱ्यावर ओढून पाहिली.
शाळेतल्या पेन्सिलीसारखी काळीभोर रेघ.
अजून पाव इंच शिल्लक.

संध्याकाळी एक तुकडा उरला.
वीतभर चपटी पट्टी, एक टोक वळवलेलं,
दुसऱ्याला दोन भोकं, जवळजवळ.
चारही कागदांत नाही.
शिलाई मशीनची असेल, फवारणी पंपाची असेल,
भलत्याच डब्यातून आली असेल.
टाकली भंगारात.

मिस्त्री उठला, घेऊन आला.
नखानं मळ खरवडला. खाली निळसर पोलाद.
"वखराची पास हाय हे.
माया बापानं तोडून ठोकली. बाईसाठी."

कोण बाई?

"मिशनची सुवार्ता सिस्टर. एवढीशी.
पायच पुरे नाही क्लचवर.
पाठीमागं उशी घेतली तं टोंगळा स्टेरिंगले लागे.
रातीबेराती बाळंतपनाले जायची, नाल्यापलीकडच्या गावाइले.
क्लच पुरा दबे नाही, गेर टाकला का अशी करकर
का पोळ उठून बसे. लोक म्हनत,
आली बाई, पानी तापवा.
मंग हे पट्टी बसवली. आवाज गेला.
तवापासून तिले वेशीवर हारन मारा लागे."

आणि दोन भोकं कशाला?

"एक चपलेचं.
एक पावसाळ्यातल्या गमबुटाचं."

ट्रक जात होते. प्रत्येकामागं टिन थरथरायचं,
पोत्यावरचे नट किंचित जागा बदलायचे.
मी पट्टी पुसली.
चित्रातला शेवटचा आकडा एकोणतीस होता.
कार्बनच्या कडीनंच कागदाच्या कडेला ती काढली,
वळण जरा चुकलं,
शेजारी लिहिलं, तीस.
मालकाला काय सांगायचं ते मिस्त्रीनं विचारलं नाही.

रात्री बल्बखाली सगळं एकात एक जोडलं.
पिना खाली उतरल्या, त्यांच्या पोटात कॉटर वळवले.
पट्टी पेडलवर, चपलेच्या भोकात.
मग मी सीटच्या लोखंडावर पोतं टाकून बसलो
आणि डावा पाय उचलला.

माझा टोंगळा वर अडला.
एक इंच मोकळी चाल, हवेसारखी.
त्याच्यापुढं
खाली, अंधारात, काहीतरी सरकलं.