मुद्देमाल

विट्याच्या कोर्टात एकतीस वर्षं नाझर होतो,
तेवढ्या भांडवलावर मला विमानात बसवलं.
त्या बेटाला देश होऊन सतरा महिने झाले होते,
झेंड्याच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या.

कायदा कंटेनरमधून उतरत होता:
खुर्च्या, शिक्के, काळे झगे,
आणि पुस्तकं, जी तिथं
एका म्हाताऱ्या पाद्र्यालाच वाचता येत.
न्यायाधीश एका खंडातले, वकील दुसऱ्या,
आरोपी डोंगरातला. मधे तीन दुभाषे.
आरोपी पाचेक मिनिटं बोलला, हात हलवून, रडून.
माझ्यापर्यंत पोचलं : ‘नाही म्हणतो.’

मी रजिस्टर आखलं.
क्रमांक एक : कोयता, मूठ तुटकी.
क्रमांक दोन : म्हशीचा कासरा, दीड वाव.
शिपायाला पुकारा शिकवला,
दारात उभं राहून, नाव तीनदा.
पहिल्याच पुकाऱ्याला व्हरांडा रिकामा झाला.
आधीच्या राजवटीत नावं अशीच पुकारत,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
मीही विचारलं नव्हतं.

एक गावकरी यायचा, निवाडे करणारा;
त्याला तिकडं शब्दांचा धनी म्हणतात.
त्यानं विचारलं,
‘कागद यायच्या आधी तुमच्याकडं कोण बसायचं?’

आमचे आजोबा, म्हणायला हवं होतं.
त्रेचाळीस साली, येरळेच्या वाळूत,
कंदिलावर घोंगडं टाकून,
प्रतिसरकारचं न्यायमंडळ.
बांधाचा तंटा, सावकाराची पावती, टाकलेली बायको.
निकाल तोंडी. खर्च शून्य. अपील नाही.
लोक अजून सांगतात, तसा न्याय पुन्हा झाला नाही.

आणि येसू रामोशी.
खबऱ्या म्हणून तळपाय फोडलेला.
खबऱ्या दुसराच होता, स्वातंत्र्यानंतर कळलं.
बाजारच्या दिवशी चवड्यांवर चालत यायचा,
आजोबा स्वतः उठून घोंगडी अंथरायचे.
दोघं चहा प्यायचे. बोलायचे पावसापाण्याचं.

मी म्हणालो, ‘इंग्रजांची कोर्टं होती, साठ सालचा दंडविधान.’
तिघांच्या तोंडून ते त्याच्याकडं गेलं.
तो बराच वेळ माझ्याकडं बघत राहिला.
त्याच्यापर्यंत बहुतेक पोचलं असावं :
‘नाही सांगत.’

परत येताना एक कोरं रजिस्टर आणलं, उरलेलं.
माळ्यावर आजोबांच्या पेटीत
येसू मेल्यावर त्याच्या पोराकडून मागून आणलेलं काही आहे.
काल काढलं. झटकलं. पेनात शाई भरली.

क्रमांक एक :
वहाणा, एक जोड.
पुढून झिजून पार गेलेल्या.
टाचेकडं नव्या.