एक सिंधूमावशी, सपाट

बत्तीस वर्षं, जांभळी नाक्यापासून पार मुरबाडपर्यंत,
दुकानदारांची वजनं मी उलटी करून पाहिली.
तळाचं शिसं कुणी कोरून काढलंय,
लिटरच्या मापाला आतून पोचा कुणी पाडलाय,
बोट फिरवलं की कळायचं.
चरईतल्या माझ्या स्वयंपाकघरात मात्र
एकाही भांड्यावर सरकारी शिक्का नव्हता.

कुमुदची मूत्रपिंडं थकली तेव्हा
आहाराचा कागद देणारी मुलगी म्हणाली,
शिजलेलं कडधान्य शंभर ग्रॅम, दिवसातून एकदा.
‘म्हणजे किती गं?’
‘एक वाटी, काकू. साधारण.’
साधारण!
ह्या शब्दावर मी भर बाजारात दंड वसूल केलेत.

काटा आणला. पहिल्याच रात्री भांडण, तेही पाण्यावरून.
बिरड्याचा रस वजनात धरायचा की नाही?
नुसते वाल एकशे दोन,
रसासकट एकशे अठ्ठेचाळीस,
वाटी तीच, काठही तोच.
अर्ध्या तासाने पाहिलं तर
वाल रस पिऊन बसलेले, आकडा तिसराच.
‘काय लिहू मग?’
‘लिहा, जेवण निवलं.’

मग वाट्या. लग्नात आलेल्या,
एक दुसरीच्या मापाची नाही.
कडेला ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं:
सौ. सिंधू वि. चित्रे यांजकडून, १७-५-८१.
पाणी भरून एकेक मापली.
सिंधूमावशी एकशे चाळीस मिलिलिटर.
बाळाराम कर्णिक एकशे पंच्याहत्तर,
माणूसही तसा ऐसपैसच होता.
आणि माझ्या ऑफिसातल्या सर्वांनी मिळून दिलेली
एकशे दहा.

कॅलेंडरच्या पाठीवर कोष्टक केलं.
अख्खे मूग, निथळून: एक सिंधूमावशी, सपाट, एकशे आठ.
मसूर गिचका होतो, पोकळी ठेवत नाही,
त्याला काठाखाली बोटभर.
राजम्याच्या दाण्यादाण्यात हवा बसते: पाऊण कर्णिक.
तुरीच्या वरणाला हिशेब लागत नाही,
ते जवळजवळ पाण्याच्याच वजनाचं,
निदान आमच्या घरी.
शीग कुणालाही नाही.
वाटी भरायची, वर सुरी फिरवायची,
सुरीवर राहील ते माझ्या ताटात.

सिंधूमावशी जाऊन एकवीस वर्षं झाली.
आमच्याकडे ती अजून रोज दुपारी साडेबाराला भरते.

काल पुन्हा वाल होते.
मोड आलेले, रात्री दोघांनी सोललेले,
कुमुदची नखं अजून हिरवट.
मी ताक घ्यायला वळलो
आणि पाठीमागे चमच्याचा आवाज आला,
स्टीलवर, हलका, दोनदा.
वळून पाहिलं: वाटी सपाट.
अगदी सपाट. सुरी फिरवलेली.
नजर माझ्यावर, भाबडी,
मुरबाडच्या त्या धान्यवाल्यासारखी.

वाटी उचलली. हाताला कळलं.
काट्यावर ठेवली: एकशे सव्वीस.
चमच्याच्या पाठीने तिने वाल दाबून बसवले होते.

‘दंड किती, साहेब?’

बत्तीस वर्षांत एकालाही सोडलं नाही मी.
दोन चमचे काढून घेतले. मग त्यातला एक
परत घातला.
कॅलेंडर खाली घेतलं, पेन शोधलं,
मुगाच्या आणि राजम्याच्या मधे जागा होती थोडी, तिथे लिहिलं:
वाल. एक सिंधूमावशी, सपाट,
दाबून.