बोथट पातं

गोर गावात, टायरच्या दुकानावरच्या खोलीत
लॉर्ना मॅकास्किल माझा उजवा हात
टॉवेलावर आडवा ठेवते
आणि म्हणते, मूठ सोड.
सोडलीच आहे, मी म्हणतो.
ती माझ्या बोटांकडे बघते.
मग मीही बघतो.

तिच्या हातात स्टीलचं पातं.
केळ्याएवढं, तसंच वाकडं, कडा गुळगुळीत.
सव्वीस वर्षं मी धारेवर पोट भरलं.
बोथट लोखंडाला कुणी पैसे मोजतं
हे मला नवीन होतं.

मलमाचा डबा उघडला की शेडचा वास येतो.
लोकरीचं तेल, ती म्हणते, तुझ्याच मेंढ्यांचं.
दिवसाला दोनशे ऐंशी मेंढ्या
गुडघ्यांत धरून भादरल्या,
तरी तळवे लेकरासारखे राहिले ते ह्या तेलानं.
आत काय वाळत चाललंय
ते तेलाला कळलं नाही.

पातं कोपराकडून मनगटाकडे येतं.
आधी नुसतंच सरकतं,
मग एका जागी अडखळतं, कर्र,
वाळूवरून होडी ओढावी तसं.
"ऐकलंस?"
ऐकू आलं नाही. दाढेत जाणवलं.
ती परत त्याच वाटेनं जाते, अर्ध्या जोरानं,
डोळे खिडकीबाहेर, फाटकाशी थांबलेल्या ट्रकवर,
जणू बघायचं काम पात्याचंच आहे.

हे काही बरं करत नाही हं,
असं ती स्वतःच सांगते, पैसे घेतानासुद्धा.
हे नुसतं दार ठोठावतं.
उघडायचं तू, दोन किलोच्या डंबेलनं, रोज संध्याकाळी:
वर नेताना दोन्ही हात,
खाली आणताना हा एकटा, सावकाश.
साठ किलोची मेंढी पाठीवर पाडणारा मी,
दोन किलोला घाम फुटला.
रेवा भांडी पुसत होती. ती हसली नाही,
तेव्हा मला भीती वाटली.

तिसऱ्या खेपेला कातडीवर तांबडे ठिपके उमटले.
दुखणं कधी सुरू झालं, तिनं पुन्हा विचारलं.
अर्जावर मी लिहिलं होतं: डिसेंबर, शेडमध्ये, काम करताना.
विम्याला तेवढं पुरतं.

पण पातं त्या रवाळ जागेवर होतं
आणि माझ्या तोंडून निघून गेलं:
जुलै. बाबांची पेटी.
दफनभूमी टेकडीवर, रात्रभर पाऊस,
आम्ही सहा जण, चिखल घोट्यापर्यंत.
मधल्या वळणावर चुलतभाऊ म्हणाला, टिपेने, हात बदल.
बदलला नाही.
पितळी कडी आणि मी,
दोघांपैकी कुणीच सोडायला तयार नव्हतं.
बाबा म्हणायचे, मेंढी निसटते ती
धरणारा विचार करायला लागतो तेव्हा.

लॉर्ना काही बोलली नाही.
पातं तिनं फडक्याला पुसलं,
उलटं केलं, दुसरी कड लावली, अधिक हलकी.
खाली कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं.
बराच वेळ भरत होतं.

नवव्या आठवड्यात मी शेडवर गेलो.
पहिली मेंढी ओढून बसवली, पाठ माझ्या पोटाशी.
सगळं अंग ताठ, मान लाकडासारखी.
मी म्हणालो, सोड.
तिनं लाथ मारली. बरोबर केलं.
मशीन बंद करून मी थोडा थांबलो,
बाजूच्या पोरानं वळून पाहिलं, पाहू दे,
माझी पकड नखभर सैल केली.
तीही थोडी सैल झाली.
फार नाही.

सकाळच्या चहापर्यंत एकोणचाळीस झाल्या.
पूर्वी ऐंशी व्हायच्या.
चाळिसावी दारात उभी होती, माझ्याकडे बघत.
मी कप उचलला.
उजव्या हातानं.