नऊच्या काट्यावर

कागदावर घड्याळ असतं, वैती सर म्हणतात.
वर बारा, खाली सहा,
आणि माझे छर्रे महिनाभर
नऊ वाजायच्या मागे लागलेत.

दहातले आठ डावीकडे.
एक तर काळ्या वर्तुळाच्याही बाहेर,
दुधात माशी पडावी तसा.

वरळीची ही शेड पत्र्याची.
ऑक्टोबर वरून भाजतो, समुद्र मीठ चोळतो,
कोळीवाड्याच्या बाजूने सुक्या बोंबलांचा वास,
आणि घाम मनगटावरून थेट पकडीत.
मी म्हटलं, वाऱ्याने होत असेल.
"दहा मीटरवर? शेडमध्ये?"
मी म्हटलं, पिस्तूल जुनं आहे, क्लबचं.
सरांनी ते घेतलं,
चष्मा कपाळावर सारला,
पोलिसांच्या शस्त्रागारात बत्तीस वर्षं झिजवलेले गुडघे
एकेक करून जागेवर आणले,
आणि दहाच्या ठिपक्यात भोक पाडून
पिस्तूल परत दिलं.
बोलले काहीच नाहीत.

मग मी साइटचा स्क्रू फिरवायला गेले.
दोन टिचक्या उजवीकडे, मिटला प्रश्न.
तेव्हा मात्र बोलले.
"नाचता येईना, तर अंगणाला पाचर मारतेस होय?
बोट दाखव."

दाखवलं.
चापावर नुसतं टोक टेकलेलं.

आता हे टोक कुठून आलं ते सांगायला हवं.
मी परळच्या एका लॅबमध्ये सकाळी सहापासून
उपाशीपोटी आलेल्यांचं रक्त काढते.
शीर डोळ्यांना दिसतेच असं नाही.
ती तर्जनीच्या टोकाला लागते,
कातडीखाली भिजल्या शेवईसारखी सरकते,
आणि टोकाने जरा जोर केला की पळते.
बावीस वर्षं या टोकावर माझं घर चाललंय.
तेच इथे चापावर जातं, अदबीने,
आणि अदबीनेच पिस्तुलाला कडेला लोटतं.
हातात केसभर.
कागदावर बोटभर.

"टोक नको. पेराचं पोट ठेव.
आणि सरळ मागे घे, हळू.
कधी सुटला ते तुलाही कळता कामा नये."

एवढ्यावर भागलं नाही.
"डोळे मिट. हात उचल. अर्धा श्वास सोड.
आता उघड."
उघडले, तर माझं पिस्तूल
शेजारच्या लेनमधल्या कागदाकडे बघत होतं,
जिथे तेरा वर्षांची फ्रेया
च्युइंगगम चघळत नवांवर नऊ मारते.
म्हणजे इतके दिवस मी हात ओढून आणत होते
माझ्या कागदावर.
"ओढलास की हात ऐकतो," सर म्हणाले,
"पण चाप दाबतेस तेव्हा आपल्या घरी निघून जातो.
हाताला सोड. मागचा पाय सरकव."

चार बोटं सरकवला.
पुन्हा मिटले, पुन्हा उघडले.
पुन्हा दोन बोटं.
त्या दुपारी अर्धा तास मी एकही छर्रा उडवला नाही,
फी मात्र पूर्ण तासाची.

शेवटचे पाच मारले.
अजूनही डावीकडेच, आठच्या रेषेवर,
पण पाचही एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील असे.
माझं तोंड पडलं.
सरांचं पहिल्यांदा उजळलं.
"आधी तू भटकत होतीस.
आता चुकीचा पत्ता लागला.
फिरव तुझा तो स्क्रू. एकच टिचकी."

सोमवारी लॅबमध्ये रांगेत शेवटचे फोन्सेका आजोबा,
दोन्ही हात सुयांनी निळे झालेले.
मी सवयीने बोट ठेवलं,
नव्या सवयीने, पेराचं पोट,
आणि काहीच लागेना.
ते छताकडे बघत होते. मी बोट उचललं,
जरासं उभं केलं,
टोक टेकवलं.

तिथेच होती. किंचित डावीकडे.

"झालं का?" त्यांनी विचारलं.
मी अर्धा श्वास सोडून थांबले होते.
भिंतीवर नऊला दोन मिनिटं कमी.