तंबाखूचा डबा

नव्या गाडीला किल्ली लावायला भोकच नाही,
हे अम्माला पटेना.
दाराच्या कडेनं तिनं बोट फिरवलं,
जशी फर्म्याच्या कडेनं फिरते पानावर तिची कात्री,
आणि विचारलं, "मग ही ओळखते कशी तुला?"
म्हटलं, किल्ली खिशात असली की पुरे. बोलत असते हिच्याशी.
"रात्रीपण?"
रात्रीपण.
"झोपत नाही ती?"
मी गप्प.

आमचं घर विडी घरकुलात. भिंत एका विटेची.
किल्ली दारामागच्या खिळ्याला, गाडी दारासमोर,
मधे चार पावलं आणि पाण्याचं पिंप.

मागच्या गल्लीतल्या श्रीनिवास कोंगारीची गाडी गेली तेव्हा
काच फुटली नाही, कुत्रं भुंकलं नाही.
दोन्ही किल्ल्या घरात होत्या.
फक्त गाडी नव्हती.
ठाण्यात त्याला चारदा विचारलं, "किल्ली दिली कुणाला होती?"
अजून तो एक किल्ली उशाखाली घेऊन झोपतो म्हणे.

अक्कलकोट रोडच्या गॅरेजात तौसीफनं समजावलं:
एकजण तुमच्या दाराशी पिशवी धरून उभा राहतो,
दुसरा गाडीपाशी.
पिशवी किल्लीचं बोलणं ऐकते, पुढच्या पिशवीला सांगते,
गाडीला वाटतं, मालक आला.

एकोणीस वर्षं मी टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होतो.
तुटला धागा दुसऱ्या धाग्याला असा वळायचा
की गाठ बोटालासुद्धा लागू नये.
ही पोरं तेच करतात.
हवेत.

त्या रविवारी आम्ही सगळे डबे काढले.
प्लास्टिकचा: हँडलला हात लावला, गाडी उघडली.
शेंगा चटणीचा स्टीलचा, सैल झाकणाचा: उघडली.
फ्रिजमध्ये ठेवून पाहिली, दह्याशेजारी.
उघडली, आणि किल्ली गार पडली ती वेगळीच.
पोरगी आतून ओरडायची "ठेवली!"
मी बाहेरून "उघडली!"
शेजारच्या यल्लूबाई सूप मांडीवर घेऊन बघत बसल्या,
त्यांचा हात मात्र वळतच होता.

मग अम्मानं तिचा डबा आणला.
पत्र्याचा, गच्च झाकणाचा,
सोलापूरच्या उन्हात तंबाखू वाळू नये म्हणून
चाळीस वर्षं दाबून दाबून बसलेल्या झाकणाचा,
जो चमच्याच्या दांड्याशिवाय उघडत नाही.
"ठेवली!"
मी हँडल ओढलं.
पुन्हा ओढलं.
गाडी मुकी.
यल्लूबाईंनी पहिल्यांदा हात थांबवला.

"दुसरी कुठंय?" अम्मा म्हणाली.
दुसरी देवांच्या फळीवर होती, विसरलोच होतो.
तीपण आत गेली.
"बोलू देत आता दोघी एकमेकींशी."

वर स्टिअरिंगला लोखंडी दांडा, पिवळा,
लांबून दिसावा म्हणून.
तौसीफ हसला नाही. म्हणाला, दिसला की चोर पुढं जातो.

पौष सरत आला होता, गड्डा भरलेला.
पहाटे पावणेतीन वाजता ते आले.
समोरच्या किराणाच्या कॅमेऱ्यात सगळं आहे:
एकजण पिशवी आमच्या भिंतीला लावून उभा,
खिळ्याच्या बरोबर समोर,
जसं कुणी दुसऱ्याच्या घरातलं भांडण ऐकतं.
दुसऱ्यानं हँडल दोनदा ओढलं.
काचेतून आत पाहिलं.
गेले.
पिशवीवाल्याचं उभं राहणं ओळखीचं वाटलं,
उजवा खांदा खाली, मागाशेजारी उभा असल्यासारखा.
मी पुन्हा लावून पाहिलं नाही.
अम्माला सांगितलं, अंधारात काही दिसत नाही.

आता रोज सकाळी चमच्याचा दांडा,
टक्, आणि घरभर तो जुना वास.
किल्लीला लागला, खिशाला लागला, सीटला लागला.
काल स्टेशनहून बसलेल्या बाईंनी काच खाली घेतली.
"गाडीत विडी ओढता का हो?"
नाही म्हटलं.
आमच्याकडं वळतात फक्त.